न पुसलेली उडी

मित्रांनो, मी एक जुने दाताळे आहे. तोंडभर लोखंडी दात असूनही मी आजवर कोणाला चावलेले नाही. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू सारखी करणे, एवढेच माझे काम. लोहाराने माझे दात ठोकले, सुताराने दांडा बसवला आणि मी एका क्लबच्या मैदानावर दाखल झाले.

मैदानाच्या फाटकावर पाटी होती, ‘फक्त गोऱ्यांसाठी’. काळ्या माणसांना आत सोडत, पण ते गवत कापायला आणि वाळू ओढायला. उडी मारायला नाही. हा न्याय माझ्यासारख्या लोखंडी डोक्यालाही कधी पटला नाही.

मला ओढणारे हात एका काळ्या बाईचे होते. तिच्या लेकीचे पाय लांबसडक, म्हणून ती तिला लाडाने नाकतोडी म्हणायची. क्लबचे लोक येण्याआधी नाकतोडी धावत येई आणि खड्ड्यात उडी घेई. आई लगेच माझ्याकडून तिच्या खुणा पुसून टाकी. कोणी पाहिले असते तर नोकरीच गेली असती. पोरीच्या कितीतरी सुंदर उड्या अशा माझ्या दातांखाली गेल्या. मला फार वाईट वाटे.

एके दिवशी तिने अशी उडी घेतली की आई बघतच राहिली.

“आई, आज पुसू नकोस,” नाकतोडी म्हणाली.

“वेड लागलंय का तुला? पोटावर पाय येईल आपल्या!”

“रोज पुसतेस. मग मी उडी मारते, हे खरं कशावरून?”

आईने वाळूतल्या खुणेकडे एकदा पाहिले. मग मला भिंतीला टेकवून ठेवले.

थोड्या वेळाने प्रशिक्षक आले, सोबत क्लबची विजेती मुलगी. खूण पाहून ते खूश झाले. “शाब्बास! काल संध्याकाळी मारलीस वाटतं?”

“सर, ही माझी नाही,” ती म्हणाली. “मी इथवर कधी पोचलेच नाही.”

“माझ्या लेकीची आहे,” आई म्हणाली. ती जागची हलली नाही.

प्रशिक्षकांचा चेहरा पडला. “मग उडी घ्यायची फळी ओलांडून मारली असेल. तशी उडी बाद असते.”

नाकतोडी भिंतीपाशी आली. तिने मला उचलले, फळीच्या अगदी पुढे ओली वाळू पसरली आणि माझ्या पाठीने ती गुळगुळीत केली. “आता मारते,” ती म्हणाली. “फळी ओलांडली, तर इथे पाय उमटेल. मग मी आपणहून फाटकाबाहेर जाईन.”

ती धावली. हवेत उठली. सगळे आधी ओल्या वाळूवर वाकले. तिथे एकही खूण नव्हती. खड्ड्यातली खूण मात्र आधीच्या खुणेच्याही पुढे होती.

प्रशिक्षक टेप हातात धरून नुसतेच उभे. शेवटी विजेती मुलगीच पुढे झाली. “द्या इकडे. काकू, तुम्ही दुसरं टोक धरा.”

पाटी काही त्या दिवशी उतरली नाही. क्लबवाल्यांनी खूप आढेवेढे घेतले, काहींनी तोंडे फुगवली. पण मोजलेली उडी त्यांना नाकारता येईना. नाकतोडी आता भरदिवसा सराव करू लागली. पुढे देशाचा सदरा घालून उडी घेणारी ती तिच्या लोकांमधली पहिली ठरली. ती पदक घेऊन परतली, तेव्हा फाटकावर पाटी नव्हती. आईने आधी लेकीला कवटाळले आणि मग माझ्या दांड्यावरून हात फिरवला. तेवढे कौतुक मला आयुष्यभर पुरले.

आता मी कोठीत पडून आहे. दात गंजले, दोन तर तुटलेच. बाहेर सगळ्या रंगांची मुले उड्या मारतात आणि खड्डा तसाच टाकून पळतात. असे करू नका. पुढच्याचा पाय मुरगळेल, म्हणून वाळू सारखी करत जा. जमले तर मलाही थोडे तेल लावा. पण मित्रांनो, मोजल्याशिवाय कोणाचीही उडी पुसू नका.