शेतरस्ता

न्यायमूर्तींनी माझ्याकडे बघितलं आणि हे कोण, असं सरकारी वकिलांना विचारलं. हायकोर्टातल्या मागच्या बाकावरून मी कधी उठून उभा राहिलो, ते माझं मलाच कळलं नव्हतं. पुढच्या बाकावर माझा मेहुणा आनंदराज होता. त्याने मान खाली घातली. त्याच्याच ओळीत, मधे एक जागा सोडून, सिद्धेश्वर बसला होता. माझ्या बायकोच्या डोक्यात ज्याने फावड्याचा दांडा घातला, तो.

"मयताचा नवरा आहे," सरकारी वकील म्हणाले. "प्रत्यक्षदर्शी नाही."

बरोबर आहे. मी पाहिलं नाही. लोहा तालुक्यातल्या आमच्या गावात मी ग्रामपंचायतीचं पाणी सोडतो. त्या दिवशी टाकीवर होतो. सरजाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि सोयाबीनच्या दिवसांत शाळा सुटली की भावाच्या रानात जायची. आनंदराजच्या रानाला रस्ता नव्हता. अकरा वर्षं त्याचं सोयाबीन शेजारच्या बापूसाहेबांच्या बांधावरून, डोक्यावर बाहेर यायचं. तीन वर्षांपूर्वी बापूसाहेबांच्या मुलाने, या सिद्धेश्वरने, तिला बांधावर अडवलं आणि मागे फिर म्हणाला. डोक्यावर पोतं घेऊन कुठं फिरू, एवढंच ती म्हणाली. आनंदराज वीस पावलं मागे होता. त्यानेच मला हे सांगितलं.

नांदेडच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसलो आणि त्याला म्हणालो, तू ठाण्यात जा, तू पाहिलंस. म्हणून फिर्यादी तो झाला. तिला सोडून उठायचं नाही, एवढंच तेव्हा मला कळत होतं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं. पोलीस तिचा जबाब घ्यायला दोनदा आले, पण तिची वाचा गेली होती. थोडा वेळ बसले, चहा घेऊन गेले. ती दीड वर्ष खाटेवर होती. मी भरवायचो. अर्धा घास उजव्या बाजूने बाहेर यायचा. तो ती डाव्या हाताने पुसायची, मला पुसू द्यायची नाही. गेली तेव्हा कागदावर न्यूमोनिया लिहिलं. म्हणजे मार वेगळा आणि मरण वेगळं.

या उन्हाळ्यात सिद्धेश्वरची सरकारी नोकरीत निवड झाली आणि चारित्र्य पडताळणीत केस आडवी आली. मग बापूसाहेब पहिल्यांदा आनंदराजच्या दारात आले. केस मिटव, बारा फुटांचा रस्ता देतो म्हणाले, लिहून. आनंदराज मला ते सांगायला आला तेव्हा बराच वेळ मुरमाच्या ट्रॉल्या किती लागतील हेच बोलत होता.

"दाजी, अक्का काय माघारी येणार हाय का?" तो शेवटी म्हणाला. "रस्त्यापायीच गेली ना ती. तिच्या जिवाला बरंच वाटंल."

"तिच्या जिवाचं तू सांगू नको. रस्ता तिच्यासाठी मागायचा व्हता. तिच्या बदल्यात न्हाई."

"तुमचं काय जातंय बोलाया? तुम्हाला नळाची चावी फिरवायची. माझ्या पोरीनं बी डोक्यावरच वाहायचं का?"



"तुमचं काही म्हणणं आहे का?" न्यायमूर्तींनी मला विचारलं. आवाज चांगला होता.

"साहेब, मार तिनं खाल्ला अन् मिटवायलेत हे. ह्या दोघांचं काय भांडण व्हतं?"

न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावून सांगितलं की फिर्यादीलाच केस चालवायची नाही, पाहणारा तोच, मग खटल्यात उरतं काय. मुलगा तरुण आहे, गावात दोन्ही घरांना शेजारी राहायचं आहे. मी म्हणणार होतो की आमचं घर तिसरं. तोवर ते लघुलेखकाला इंग्रजीत सांगू लागले. सरजाबाईचं नाव मला एकदा ऐकू आलं. गुन्हा रद्द झाला आणि पुढची केस पुकारली. चार मिनिटं लागली असतील.

खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दोन शेजाऱ्यांच्या सहीने पुसता येत असेल, तर फायलीवर सरकारचं नाव कशाला लिहितात? सरकारचं काय मिटलं? त्याला कोणता रस्ता मिळाला?

बाहेर सिद्धेश्वर माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. "पंढरी, आता मनात काही ठेवू नका," बापूसाहेब म्हणाले. आजवर ते मला अरे-तुरेच करत आले होते.

दसऱ्याच्या आत रस्ता झाला. एका दुपारी मी बघायला गेलो. ती पडली ती जागा मला ठाऊक होती, बांधावरच्या वाकड्या बाभळीपासून सात पावलं. आता बाभळ काढली होती, बांध सपाट केला होता आणि वर मुरूम दाबला होता. मी इकडून गेलो, तिकडून आलो. जागा सापडेना. शेवटी अंदाजाने एका ठिकाणी बसलो.

मागून आनंदराजचा ट्रॅक्टर आला, ट्रॉली पोत्यांनी भरलेली. त्याने हॉर्न दिला नाही. इंजिन चालू ठेवून थांबला.

"बसा दाजी, घरी सोडतो."

मी उठलो आणि बाजूच्या ढेकळांत उतरून उभा राहिलो, तो जाईपर्यंत.