पायगुण

पोल्ट्रीच्या शेडमध्ये ही गर्दी! कोंबड्यांचे सांधे सुजले, पाय वाकडे झाले. शंभरेक तर जागच्या उठेनात. मग सासूबाईंनी शेडोशेड फिरणाऱ्या एका मांत्रिक बाबांचे पाय धरले.

बाबांनी डोळे मिटले. “घरात नवं पाऊल आलंय. पायगुण वाईट. तिला माहेरी पाठवा, कोंबड्या नाचतील.”

माना सुनेकडे वळल्या. लग्नाला जेमतेम दीड महिना झालेला.

“प्रचीती बघा,” म्हणत बाबांनी स्वतः निवडून एक कोंबडी धरली, उताणी दाबली, काहीतरी पुटपुटले. कोंबडी निपचित पडली. “प्राण वर गेला!” टाळी वाजली, तशी ती उठून पळाली. लोकांनी हात जोडले.

सुनेला रडू फुटणार होतं, त्याआधी हसूच फुटलं. लहानपणी तिने माहेरी अशा चार-चार कोंबड्या ओळीने निजवल्या होत्या. सुजल्या पायाची एक उचलून ती म्हणाली, “बाबा, आता हिला उठवा की.”

“तिचं प्रारब्ध जड आहे.”

“आणि धडधाकटीचं हलकं?” सुनेने एक धट्टीकट्टी कोंबडी उताणी केली. मंत्र नाही, तंत्र नाही. कोंबडी निपचित. टाळी, कोंबडी पसार. “आई, धरून दाबलं की ती भीतीने गार पडते. सोडलं की उठते. एवढाच प्रताप.”

सुनेनेच सकाळी फोन करून बोलावलेली जनावरांची डॉक्टरीण तोवर पोचली. तिने रात्री मेलेल्या एका कोंबडीचा सांधा कापला. आत पू.

“हे जंतू. पाण्याची नळी गळतेय, खालचा भुसा ओला, जाळीच्या तारा पायात रुततात. जखमेतून जंतू सांध्यात जातात. नळी कधीपासून गळतेय?”

“लग्नाच्या गडबडीत राहूनच गेली,” सासूबाई पुटपुटल्या.

“वाकडे झालेले पाय सरळ व्हायचे नाहीत, बाकीच्या वाचवू. जंतू माणसांच्या पायांनीही फिरतात. बाबा, आज किती शेड झाल्या?”

“ही पाचवी!” बाबा छाती फुगवून म्हणाले, आणि मग स्वतःच्या चिखलाने माखलेल्या पायांकडे बघत राहिले.

“म्हणजे पायगुण यांचाच की,” सासूबाई म्हणाल्या. सुनेकडे मात्र त्यांना बघवेना. “तू कुठं जाऊ नकोस. माझंच चुकलं.”

आता शेडच्या दारात औषधाच्या पाण्याचं घमेलं असतं. ज्याने त्याने आपापला पायगुण त्यात बुडवूनच आत यायचं, सासूबाईंनीसुद्धा. आणि तुमच्याकडे पाय सुजले, तर बाबांनो, सांधा तपासा, सून नव्हे.