दारामागच्या दोन रिंगा

मला विसरणाऱ्या माणसांचा राग येतो. शिरूरला माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे, बारा मशीन आणि एक कायम रुसलेला प्रिंटर. तिथे अठरा वर्षं मी एकच गोष्ट ओरडून सांगतेय: रॅममध्ये आहे ते लाईट गेली की पुसलं जातं, सेव्ह करा. तरी रोज कोणीतरी सेव्ह करायला विसरतं, आणि रोज माझा आवाज खालच्या रसवंतीपर्यंत जातो.

अशा माझ्यासारखीच्या वडिलांना विसरण्याचा आजार व्हावा, याला काय म्हणायचं?

आबा, म्हणजे भिमाजी, दौंडला एकटे राहतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. रेल्वेतून रिटायर झाल्यावर रुळांपासून हाकेच्या अंतरावर त्यांनी दोन खोल्या बांधल्या. गेल्या दिवाळीपासून जेवलोय की नाही हे त्यांना आठवेना. डॉक्टर म्हणाले, ही सुरुवात आहे. मी दर रविवारी एसटीने जायचे, घर आवरायचे, रागवायचे आणि संध्याकाळी परत यायचे.

मग एका मंगळवारी शेजारच्या झुंबरमावशींचा फोन आला. आबा गॅसवर दूध ठेवून, दार नुसतं ओढून बाहेर गेले होते. पातेलं जळून काळं झालेलं, घरभर धूर. मावशींनी आत जाऊन गॅस बंद केला म्हणून बरं. आबा तासाभराने आले आणि धूर बघून मावशींनाच विचारू लागले, काय झालं.

त्याच दिवशी माझ्या भावाने, इंद्रजीतने, ठरवून टाकलं. रविवारी चार वाजता गाडी आणायची, आबांना शिरूरला घेऊन यायचं आणि दौंडच्या घराला कुलूप लावायचं. मी हो म्हणाले. आबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शिरूरला गाड्यांचा आवाज येत न्हाई गं." शिरूरला रेल्वेच नाही. आबा घड्याळ बघत नाहीत, गाडी ऐकतात. उठायचं कधी, गोळी घ्यायची कधी, झोपायचं कधी, सगळं त्या आवाजावर. मला ते कळत होतं आणि तरी मी हो म्हणाले होते. धुराची भीती होतीच तशी.

रविवारी सकाळी मी त्यांचे कपडे बॅगेत भरत होते. आबा खाटेवर बसून बघत होते. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो मी काढायला गेले तर म्हणाले, "त्यो शेवटाला काढ." त्यांच्या बाजारच्या पिशवीत मला सायकलची एक ट्यूब सापडली. नवी कोरी, दुकानातली चिठ्ठीसुद्धा लावलेली.

"आबा, सायकल विकून तीन वर्षं झाली. ट्यूब कशाला आणली?"

त्यांनी ट्यूब हातात घेऊन उलटीपालटी केली. "म्या आणली?"

मी ट्यूब बॅगेवर टाकली आणि चहा ठेवला. आबा उठून दारापाशी गेले आणि दारामागच्या भिंतीवरून हात फिरवायला लागले. तिथे दोन खिळे होते, मोकळे.

"रिंगा कुठं गेल्या?"

"कसल्या रिंगा?"

"काळ्या. हितं असत्यात."

आणि मला आठवलं. आदल्या रविवारी आवरताना त्या खिळ्यांवर रबराच्या मळकट रिंगा होत्या, एक रुंद आणि एक बारीक. जुन्या ट्यूबच्या कापलेल्या, वास मारणाऱ्या. घरात चाळीस गोष्टी अशाच लटकलेल्या असतात. मी त्या घंटागाडीत टाकल्या होत्या.

"त्या टाकल्या मी कचऱ्यात. काय करायच्यात त्या?" माझा आवाज क्लासमधलाच होता.

आबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते दाराकडे वळले आणि नवीन पोराला काम शिकवावं तसं सांगू लागले.

"ही बारीक रिंग गॅसची. गॅस पेटवला की खिळ्यावरची काढायची आन् ह्या कडीवर ताणून घालायची. मग कडी सरकत न्हाई. भाईर जायचं म्हणलं की हात रिंगंवर पडतो. हात पडला की ध्यानात येतं, गॅस चालू हाय. रुंद रिंग पाण्याच्या मोटारीची, तीबी तशीच. दोन्ही निघाल्या तरच दार उघडायचं. सिग्नलच्या केबिनमधी लोखंडी कॉलर असायची न्हवं का? लाईनीवर गाडी उभी आसली की त्या लिव्हरला कॉलर घालायची, मग त्यो वढताच येत न्हाई. मानूस इसरतो. लिव्हर इसरत न्हाई."

मी खाली बसले. गॅसवर चहा उकळत होता आणि कडी मोकळी होती.

लहानपणी मी आबांचा डबा घेऊन त्या केबिनमध्ये जायचे. लाकडी जिना, वर काचा, आणि माझ्या उंचीचे रांगेने उभे लिव्हर. आबा हातात फडकं धरून लिव्हर ओढायचे, घामाने लोखंड गंजू नये म्हणून. एकदा मी एक लिव्हर ओढायला गेले. हलेना. आबा म्हणाले, "नको वढू, त्यो न्हाई म्हणतोय." पायाखालच्या फळ्यांखाली खाचा पाडलेल्या लोखंडी पट्ट्या होत्या. एक सिग्नल द्यायचा तर आधी सांधा, म्हणजे रूळ बदलायची जागा, नीट बसलेला हवा, आणि समोरून येणाऱ्याचा सिग्नल दिलेला नको. दोन्ही जमलं तर लिव्हर हो म्हणणार, नाहीतर नाही. कितीही ताकद लावा.

आमच्या क्लासच्या पुस्तकात पहिलं प्रकरण कॉम्प्युटरच्या इतिहासाचं आहे. मणी ओवलेली पाटी, दात्यांच्या चाकांची यंत्रं, भोकं पाडलेली कार्डं, खोलीभर तापणारे दिवे. मुलं पेंगतात, मीही ते भराभर उरकते. तिसऱ्या प्रकरणात मी फळ्यावर अँड गेट काढते, दोन्ही इनपुट एक असतील तरच आउटपुट एक. इतकी वर्षं काढतेय. माझा बाप तीस वर्षं त्याच गणिताच्या डोक्यावर उभा राहून डबा खात होता, आणि कोणी विचारलं की मी सांगायचे, रेल्वेत होते, काहीतरी ओढायचे.

आणि त्याच माणसाने आपलं डोकं साथ देईना म्हणून ते बाहेर, दोन खिळ्यांवर, जपून ठेवलं होतं. मी ते झाडून काढलं होतं. मीच, सेव्ह करा म्हणून ओरडणारी.

"आबा," मी विचारलं, "मंगळवारी दूध ठेवल्यावर तुम्ही बाहेर कशाला गेला?"

त्यांना आठवेना. मला बॅगेवरची ट्यूब दिसत होती. त्यांनी गॅस पेटवला असणार, सवयीने खिळ्याकडे हात नेला असणार, रिंग नव्हती. रिंग करायला ट्यूब हवी म्हणून ते सायकलच्या दुकानात गेले. रिंग नाही, म्हणून दार उघडलं. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. आबा म्हणाले, "चहा उतू जाईल, बघ."

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी विळीवर ट्यूब कापली. दोन रिंगा झाल्या, एक रुंद, एक बारीक.

इंद्रजीत चारला आला. मी दारातच सांगितलं, "मंगळवारची चूक माझी आहे. आबा कुठं येणार नाहीत." आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. तो वाईट नाही, घाबरलेला आहे.

"ताई, रिंगा ठीक आहेत. पण उद्या रिंग घालायचंच विसरले तर?"

मी त्या दोन खिळ्यांकडे बघत राहिले. लिव्हर हो कधी म्हणतो? आधीचं झाल्यावर. मग मी ओट्यावरचा लायटर उचलला, काड्यापेटी माझ्या पर्समध्ये टाकली, लायटरला दोरीचा फास केला आणि तो गॅसच्या खिळ्यावर आधी अडकवला. त्याच्या पुढे बारीक रिंग. आता रिंग हातात घेतल्याशिवाय लायटर निघत नव्हता, आणि लायटरशिवाय गॅस पेटत नव्हता.

इंद्रजीतने स्वतः करून बघितलं. रिंग काढली, कडीवर घातली, लायटर घेतला, गॅस पेटवला. मग बाहेर जायला निघाला. कडी हलेना. त्याने जोर लावला.

"नको वढू," आबा म्हणाले. "त्यो न्हाई म्हणतोय."

इंद्रजीत हसला आणि मग डोळे पुसत खाटेवर बसला. "पण हे तरी किती दिवस, आबा?"

बाहेरून एक मालगाडी गेली, ती पूर्ण जाईपर्यंत आबा थांबले.

"रश्मे, तू दर आइतवारी येतीस. आली की मला इचार, ह्या रिंगा कशाच्या. ज्या दिवशी मला सांगता येणार न्हाई, त्या दिवशी मला इचारत बसू नका. घिऊन जा. म्या न्हाई म्हणलो तरी न्या."

गाडी रिकामीच शिरूरला गेली. फोटो शेवटी काढायचा होता, त्यामुळे तो भिंतीवरच राहिला होता.

याला आता पाच महिने झाले. क्लासमध्ये मी पहिलं प्रकरण सावकाश शिकवते. फळ्यावर दोन खिळे आणि एक कडी काढते. कोणी फाईल सेव्ह करायला विसरलं तर अजूनही ओरडते, पण आवाज रसवंतीपर्यंत जात नाही म्हणतात.

आणि दर रविवारी दौंडला उतरले की घरापर्यंत मी कुठेही न थांबता चालते. पिशवी खाली ठेवायच्या आधी मी विचारते, कारण ठेवल्यावर माझ्याच्याने विचारवणार नाही.

"आबा, ह्या रिंगा कशाच्या?"

आबा लगेच सांगत नाहीत. पूर्वी सांगायचे, आता वेळ लागतो. ते दारापाशी जातात, रिंगांवरून अंगठा फिरवतात, आणि मी पिशवी हातात धरून उभी असते.

"बारीक गॅसची," ते म्हणतात. "रुंद मोटारीची."

मग मी चहा ठेवते. रिंग कडीवर आबाच घालतात, मी हात लावत नाही.