डेअरीत दगा

आमच्या रनाळ्याकडच्या छोट्या गावात दूध डेअरी आहे आणि तिचा सचिव आहे दगा. आधीची दोन लेकरं गेली, हा जगला. यमाला दगा देऊन आला म्हणून आईनं हेच नाव ठेवलं. अकरा वर्षं तो दूध मापतोय. थेंबाची तक्रार नाही.

परवा टीव्हीवर लाल पट्टी सरकली, 'डेअरीत दगा! शेकडो रुग्णालयात.' गाव कुठलं, जिल्हा कुठला, हे सांगायला चॅनेलला वेळ नव्हता. एकच सांडलेला कॅन वीसदा दाखवायला मात्र होता.

"आपला दगा टीव्हीवर उना रे!" चावडीतल्या टीव्हीसमोर बसलेल्या करणसिंगनं आरोळी दिली. टाळ्या पडल्या. मग कोणीतरी पुढचे शब्द वाचले, आणि बातमी आपल्याच डेअरीची ठरली.

सकाळी डेअरीत एक लिटरही दूध आलं नाही. टँकरवाला म्हणाला, "उद्याही असंच असेल, तर या गावची फेरी बंद."

दगानं हातापाया पडून तालुक्याचा मोबाइल चॅनेलवाला आणला. त्यानं डेअरीसमोर उभं राहून तावातावानं बातमी दिली. संध्याकाळी गावभर मोबाइलवर पट्टी फिरली, 'या डेअरीत दगा नाही!'

"ल्या! काढी टाकं त्याले," करणसिंग म्हणाला.

दुसऱ्या सकाळी लोक रिकाम्या हातांनी आले, नवा सचिव कोण ते बघायला. काट्याजवळ दगाच बसलेला.

"तू आठे काय करी ऱ्हायना? दगा नही शे म्हने डेअरीत," करणसिंगनं त्याला हटकलं.

"शे ना! मी शे!" दगा कळवळून ओरडला.

"म्हंजे डेअरीत दगा शे?"

"शे!"

"दखा, सोताच कबूल करस!"

टँकरनं हॉर्न दिला. तेवढ्यात मीनाबाई दोन म्हशींचं दूध घेऊन गर्दीत घुसली. "सरका रे येड्यासहो! अकरा वरीस हाऊ मन्हं दूध मापस. तुन्हा टीव्हीनं एक दिन तरी मापं का, करणसिंग? हाऊ घरना दगा शे. याले मी वयखस. माप रे भाऊ."

"नऊ लिटर!" दगा अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला.

लोक एकमेकांकडे न बघता घराकडे पळाले, कॅन आणायला. टँकर थांबला.

करणसिंग तेवढा म्हणाला, दुपारच्या बातम्या बघून आणतो. त्याचं दूध बाराच्या आतच नासलं.