रंगूबाईची साखर एकशे दहा

"आमच्या गावात बकरीपुढेसुद्धा पाला टाकून झाला की मूठभर दाणे टाकतात," रंगूबाई तव्याला म्हणाली.

तवा काही बोलला नाही. पण बोलणं तव्यासाठी नव्हतंच. हातभर अंतरावर तिची सून अनुपमा मुळ्याचा पाला चिरत बसली होती आणि तिच्या कानावर शब्दन् शब्द पडेल एवढ्याच बेताने ते पुटपुटणं चाललं होतं. सात वर्षांच्या संसारात अनुपमा एक गोष्ट शिकली होती. तव्याला सांगितलेल्या तक्रारीला सुनेने उत्तर द्यायचं नसतं. तिने पाला कढईत लोटला, वरून भिजवलेली मूगडाळ घातली आणि तेलाचा चमचा मोजून एकदाच ओतला.

पोलादपूरजवळच्या कापडे गावातल्या या घरात सासूच्या रक्तात साखर निघाली, त्याला आता वर्ष होत आलं. डॉक्टर महाडचे. ते म्हणाले, भात कमी करा, भाकरी खा, वजन उतरवा. रंगूबाईला हे एकदम पटलं. तिने भात सोडला आणि तांदळाच्या दोन भाकऱ्या जास्त थापायला घेतल्या. महिनाभर सगळं घर तिच्या निग्रहाचं कौतुक करत होतं. महाडात वाढलेली अनुपमाही करत होती, कारण तिच्याही माहेरी भाकरी म्हणजे तांदळाचीच. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी कपाळाला हात लावला तेव्हा दोघींना कळलं, की भात ताटात गोल करून घेतला म्हणून काही वेगळा होत नाही.

त्या दिवसापासून स्वयंपाकाची सूत्रं अनुपमाने घेतली. घेतली म्हणजे हिसकावली नाहीत. सासूच्या हातात पळी राहू दिली आणि पळीत काय पडायचं ते आपण ठरवलं. नाचणीची भाकरी एक. भात वाटीभर, तोही दुपारीच. कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं खोबरं कमी घालून, सुकट तव्यावर परतून, काकडी, ताक. चहा बिनसाखरेचा. पहिल्या दिवशी तो चहा रंगूबाईने अंगणातल्या अळूला घातला, दुसऱ्या दिवशी अर्धा प्याली, आणि आता पाहुण्याच्या घरी गोड चहा मिळाला तर तोंड वाकडं करते.

वर मुंबईहून लेकीचा पहारा. सेजलने व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला होता, 'आईचं ताट'. जेवायला बसलं की आधी ताटाचा फोटो पाठवायचा, सकाळी उपाशीपोटी बोट टोचून साखर किती आली ते सांगायचं. फोटो रंगूबाई स्वतः काढायची, दुसऱ्याला काढू द्यायची नाही. आणि वजन ती भाताच्या गिरणीवर करायची. पोती मोजायच्या काट्यावर उभी राहायची आणि गिरणीवाला कुशाबा आकडा असा ओरडून सांगायचा की रस्त्यापलीकडे ऐकू जावा. परवाच तो म्हणाला होता, वहिनी, अशाच उतरत राहिलात तर हमाली परवडायची नाय मला. आकडा खरंच उतरत होता. पातळाच्या निऱ्या दोन जास्त पडायला लागल्या होत्या आणि रंगूबाई त्या मुद्दाम सगळ्यांना दिसतील अशा नेसायची.

साखरही छान होती. रोज सकाळी ओटीवर बसून रंगूबाई बोट टोचायची, मशीन पीं करायचं, आणि ती खणखणीत आवाजात सांगायची, एकशे दहा. कधी एकशे आठ. कधी गंमत म्हणून एकशे तेरा.

गेल्या आठवड्यात एका सकाळी ती अशीच एकशे दहा म्हणाली आणि अनुपमाच्या लक्षात आलं की मशीन वाजलंच नव्हतं. नंतर तिने गुपचूप उचलून पाहिलं. सेल संपला होता. मशीन मेलेलं होतं. नवा सेल घालून तिने मागचे आकडे काढले आणि एकेक करून सगळे वाचले. मशीन आपल्या पोटात सगळं ठेवत होतं. दोनशेच्या खालचा एकही आकडा त्यात नव्हता.

खोटं बोलायला रंगूबाई काही लहान पोर नव्हती. तिला आकडा दिसत नव्हता, एवढंच.

आणि एकदा हे कळल्यावर अनुपमाला घरभर तेच दिसायला लागलं. फोटोत अर्धं ताट आणि अर्धी फरशी येते. सेजल म्हणते, आई, ताट जरा आत घे गं, आणि पुढे काही बोलत नाही. सुहासने, म्हणजे अनुपमाच्या नवऱ्याने, महाडच्या कारखान्यातून येताना स्वयंपाकघराला दुप्पट उजेडाचा दिवा आणला. विचारलं तर म्हणाला, स्वस्त मिळाला. सासरे महिपतराव यांनी आयुष्यात सुपाला हात लावला नव्हता, ते हल्ली रोज संध्याकाळी तांदूळ निवडत बसतात. म्हणतात, हाताला चाळा हवा. ओटीच्या पायरीच्या कडेला त्यांनी चुन्याचा पांढरा पट्टाही ओढलाय, म्हणे मुंग्या होतात. म्हणजे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याने बोलायची वाट बघत होता.

अनुपमा माहेरचं निमित्त काढून एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी फोनमधले ताटांचे फोटो पाहिले आणि म्हणाले, तुमच्या स्वयंपाकात खोट नाही, असाच चालू ठेवा. पण साखर एवढी चढलेली असताना वजन भराभर उतरतं त्याचा आनंद मानू नका, ते सगळंच काही पथ्यामुळे उतरत नाही. औषध बदलायला हवं. आणि त्याआधी डोळे. पडद्यावर साखरेचा परिणाम झाला असेल तर आता उपचार करता येतील, आणखी उशीर केला तर गेलेली नजर परत येत नाही.

घरी आल्यावर तिने सासूपुढे नुसता विषय काढला, महाडला एकदा दाखवून येऊ. रंगूबाई हसली. वजन उतरतंय, साखर एकशे दहा, मग डॉक्टरची भर कशाला करायची? गावदेवीच्या जत्रेनंतर बघू म्हणाली.

गाठ तिथेच होती. एकशे दहा खोटं आहे असं म्हटल्याशिवाय ती डॉक्टरकडे येणार नव्हती, आणि एकशे दहा खोटं आहे म्हणायचं तर डोळ्यांचं म्हणावं लागणार होतं. सासूला तेल जास्त झालं म्हणता येतं. वजन वाढलं म्हणता येतं. अनुपमाने तर तेही म्हटलं होतं आणि दोन दिवस अबोला सोसला होता. पण जत्रेला अख्ख्या गावाच्या आमटीची फोडणी रंगूबाईच्या हातची असते. तिची स्वतःची सासू म्हातारपणी आंधळी झाली, तेव्हा तिला ओटीच्या कोपऱ्यात बसवलं ते बसवलंच. वेळेवर घास मिळायचा, पण भाजीत मीठ किती हे पुन्हा तिला कुणी विचारलं नाही. हे रंगूबाईनेच कधीतरी सांगितलं होतं, सहज, शेंगा सोलता सोलता. अनुपमा रोज सकाळी ठरवायची आज बोलायचं, आणि रोज सकाळी एकशे दहा ऐकून चुलीकडे वळायची.

रविवारी बचत गटाच्या बायका आल्या. रंगूबाई बारीक कशी झाली ते त्यांना बघायचं होतं. रंगूबाईने ओटीवर दरबार भरवला. नाचणीचं पीठ किती घ्यायचं, उकड कशी काढायची, मधेच भूक लागली तर चणे कसे चघळायचे, सगळं तपशिलाने सांगितलं. सांगायला ती मोठी हुशार. बायका माना डोलावत होत्या. फक्त साळूबाई डोलावत नव्हती.

साळूबाई म्हणजे शेजारच्या घरातली चुलत जाऊ. दोघींची लग्नं एकाच वर्षातली आणि तेव्हापासून दोघींचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं. रंगूबाईने नाचणी म्हटलं की साळूबाई म्हणायची, वरी बरी. चणे म्हटलं की वाताचं कारण.

शेवटी रंगूबाईने मशीन मागवलं. सकाळी टोचायचं राहिलं होतं, म्हणाली, आता तुमच्यासमोरच बघा. अनुपमा घाईने पुढे आली. पण तोवर बोट टोचून झालं होतं, पट्टीला थेंब लागला होता, मशीन पीं करून वाजलं होतं. रंगूबाईने ते ऐटीत समोर धरलं. त्याचं तोंड नेमकं साळूबाईकडे.

"एकशे दहा," रंगूबाई म्हणाली.

साळूबाई चौथी शिकलेली. पोलादपूरला एसटीची पाटी तीच सगळ्या बायकांना वाचून दाखवते. तिने मशीनकडे बघितलं. मग रंगूबाईच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि बघतच राहिली. तिच्या मागच्या दोघींनीही वाकून बघितलं होतं.

"हाय," साळूबाई म्हणाली. "एकशे दहाच हाय."

लगेच दुसरी म्हणाली, हो की. तिसरी म्हणाली, बरी हाय गो साखर. आणि सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. बिनसाखरेचा चहा कुरकुर न करता पिऊन बायका गेल्या. साळूबाई जाताना चुन्याच्या पट्ट्यापाशी क्षणभर थांबली, मागे वळली, आणि उतरून गेली.

रंगूबाई जागची हलली नाही. मशीन अजून तिच्या मुठीत होतं. महिपतराव सूप घेऊन बसले. अनुपमा कप गोळा करायला लागली.

"अनू."

"काय आई?"

"साळू काय म्हनली मघाशी?"

"एकशे दहा म्हणाल्या."

"लग्न होऊन आली तवापासनं ती माझ्या कुठल्या बोलन्याला हाय म्हनलेय गो? मागं एकदा मी म्हनलं आज सोमवार, तर म्हनते कशी, बघू." रंगूबाईने मशीन मांडीवर ठेवलं. "आज हाय म्हनली. म्हंजे वायीटच काय तरी असनार. किती होती?"

अनुपमाने हातातले कप खाली ठेवले. "दोनशे अडुसष्ट."

"आनि काल?"

"दोनशे बावन्न."

सुपातला हात थांबला. रंगूबाईने आवाजाच्या अंदाजाने नवऱ्याकडे मान वळवली. "तुमाला म्हायती होतं?"

"मला काय तांदूळ निवडायची हौस हाय?" महिपतराव म्हणाले.

"सेजलला?"

महिपतरावांनी सूप खाली ठेवलं. रस्त्यावरून आंबेनळी घाटाकडे जाणारी गाडी गेली, तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

"म्हंजे सगळ्यांना म्हायती, आनि लपवत बसलेय मी एकटी," रंगूबाई म्हणाली. रागावल्यासारखी म्हणाली, पण राग काही जमला नाही. "पिठल्यात मीठ जास्त झालं तर अख्खं घर बोलतं. हे मातर कुनाच्या तोंडातनं निघत नाय. तू तरी बोल गो. माझ्या तेलाला बोललीस, वजनाला बोललीस. आता का मुकी झालीस?"

अनुपमा तिच्यासमोर खाली बसली, अगदी जवळ, एरवी मायलेकी बसतात तशी. मांडीवरचं मशीन तिने बाजूला ठेवलं आणि सासूचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. बोटांच्या टोकांवर सुईचे काळे ठिपके होते.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही."