रक्तातलं निमित्त

रामनाथनं तिन्ही रिपोर्ट टेबलावर मांडले आणि आपल्या नावाच्या कागदावर बोट ठेवलं.

"यात काय निघाला?"

"काही नाही. तुमचं रक्त चांगलं आहे," डॉक्टर निशिगंधा म्हणाल्या.

बायको रुक्मिणी बाहेर बाकावर बसली होती. तारोडी गावाहून जेसल पार्कच्या या दवाखान्यापर्यंत दोघं न बोलताच आले होते. मुलीच्या, विनिताच्या, लहानग्याला गेल्या महिन्यात मेंदूज्वर झाला. वेळेत आणला म्हणून तो वाचला. मग डॉक्टरांनी विनिताचं आणि तिच्या आईबापांचं रक्त तपासायला पाठवलं.

रक्तात प्रॉपर्डिन नावाचं एक प्रथिन असतं, डॉक्टर सांगत होत्या. अनोळखी जंतू शिरला तरी अंग त्याच्यावर लगेच तुटून पडतं, त्या पहिल्या माऱ्याला ते बळ देतं.

"ज्यानं ते शोधलं, त्याला लोकांनी चुकीचं ठरवलं होतं. तो बरोबर होता हे तो गेल्यावर कळलं."

नातवाच्या रक्तात ते नव्हतंच. हा दोष आईकडून येतो. बाईला सहसा काही होत नाही, जीव जातो तो मुलग्यांचा.

"म्हंजे आमच्या प्रणयला पन?"

"बहुतेक. त्याच्या आईकडूनच."

"येळेवर आनला असता तर?"

"आता सांगता नाही येणार, काका."

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाला, एकोणीस वर्षांच्या प्रणयला, ताप भरला, अंगावर जांभळे ठिपके उठले. रामनाथ म्हणाला, बाया आल्यात, म्हणजे देवी-कांजिण्या. बाया आल्या की डॉक्टरची पायरी चढायची नाही, ही त्याच्या आईची शिकवण. त्यानं दारात लिंबाचा डहाळा बांधला आणि संध्याकाळी पोरगा गेला. मरणाला निमित्त लागतं म्हणतात. रुक्मिणीला ते घरातच मिळालं. तेव्हापासून ती त्याला ताट वाढायची, पण जेवा म्हणायची नाही. त्यालाही ते रास्तच वाटत आलं होतं.

आता त्याला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच शिसारी आली.

"विनिताला सगला सांगा," तो उठत म्हणाला. "तिच्या आईला नको."

बाहेर रुक्मिणीनं मान वर केली.

"काय बोलल्या बाई?"

"पोराला लस द्यायची. मंग भ्या कमी." तो भिंतीकडे बघत म्हणाला, "दोष माज्या रगतातून आलाय."

आता ती प्रणयवरून बोल लावेल म्हणून त्यानं मान खाली घातली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"माजा भाऊ व्हता, विठू. सोला वर्साचा. आपल्या लग्नाच्या आदीच गेला. सकाली ताप आला, रातीला संपला. अंगावर असेच ठिपके."

रामनाथ बाकावर बसला.

"प्रणयच्या अंगावर बघितले तवाच मी वलखले," ती म्हणाली. "बोलले न्हाय. मला वाटला, नाव घेतला तर खरा होईल."