आशाची रांगोळीची वही

“आज्जी, वाळवी कडेकडेनं खाती का मधूनच भोक पाडती?” हातातली कात्री तशीच धरून वैजूनं विचारलं.

“मला काय माहीत? मी काय वाळवीची सासू हाय?”

ती हसली. पुंडलिकनगरच्या आमच्या हॉलभर कागजीपुऱ्याचा जाड हातकागद पसरला होता. नात चित्रकलेच्या कॉलेजात. प्रदर्शनासाठी तिला हातानं शिवलेलं पुस्तक करायचं होतं, तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, रांगोळीच्या वहीचं. वही राहिली नाही, आशाही राहिली नाही. म्हणून पानावर सुईनं टोचलेले नुसते ठिपके, आणि रांगोळीच्या जागी वाळवीनं पाडल्यासारखी भोकं, असा तिचा बेत. आशाच्या माहेरची माणसं वैजापूरहून बघायला येणार होती.

“तूच पाह्यली व्हती ना ती खाल्लेली वही. सांग की. हे भोक मोठं झालं का?”

“चहा टाकते,” म्हणून मी उठले. टाकला नाही. ओट्याला धरून उभी राहिले.

वाळवीनं काही खाल्लं नव्हतं. दिवाळी आली की गल्लीतल्या बाया दारात यायच्या, “आशाबाई, वही द्या बरं जरा.” घर माझं, दार माझं, आणि मला कुणी विचारीना. एका सकाळी ती वही मी बंबात घातली. त्याच पाण्यानं आशानं वैजूला न्हाऊ घातलं. पुढं आठ दिवस ती शोधत होती. मी म्हणाले, वाळवी लागली, टाकून दिली. तिनं सगळी कपाटं उपसून औषध मारलं आणि वर मलाच म्हणाली, “आत्याबाई, तुमची लुगडी वाचली, बरं झालं.”

बाहेर आले तर वैजूनं शेवटच्या पानावर काही लिहिलं होतं. मी दुसरीपर्यंत शिकलेली, लिहिणं कधीच सुटलेलं. बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. ‘आईची वही वाळवीनं खाल्ली.’

“हे पान काढ.”

“का गं?”

“खोटं हाय. वही मी जाळली. बंबात.”

तिनं वर पाहिलं. “चुकून?”

हो म्हटलं असतं तर पोरीनं लगेच मानलं असतं.

“नाय. बाया तिला विचारायच्या, मला नाय. म्हणून.”

तिनं कात्री खाली ठेवली. पंख्यानं कागद फडफडत राहिले. मग भोकं पाडलेली पानं तिनं एकेक करून बाजूला काढली, कोरं पान घेतलं, त्यावर एक ओळ लिहिली आणि माझ्याकडं सरकवलं. ‘ही वही मी जाळली.’

“मामा वाचतील,” ती म्हणाली. “खाली सही कर.”

सही मला येते. बँकेत आपल्या सासूनं अंगठा उठवू नये म्हणून आशानंच शिकवली होती, पिठाच्या परातीत माझं बोट धरून. मी पेन घेतला. नावातला पहिला ‘च’ निघाला, पुढं पेन अडला. वैजूनं हात पुढं केला नाही. खाली मान घालून ती सुईत दोरा ओवत राहिली.